पावसाळी ट्रेकसाठी मेरिनो लोकरीचे मोजे: आराम किती, टिकाऊपणा किती

ठाण्यात किंवा नवी मुंबईत लोकरीच्या ट्रेकिंग मोज्यांचा विषय काढला की पहिला प्रश्न येतो, "इथे थंडी कुठे आहे?" थंडी नाहीच. हे मोजे आपल्याकडे उपयोगी पडतात ते पावसात. जून ते सप्टेंबर या काळात पारसिकचा डोंगर, कर्नाळा, कलावंतीण, पेब, माहुली यांतली कुठलीही वाट धरा, बूट पहिल्या तासाभरातच ओले होतात आणि परतीच्या लोकलपर्यंत ओलेच राहतात. तेवढे सहा-आठ तास पायाची कातडी शाबूत ठेवणं हे मोज्याचं खरं काम. पातळ किंवा मध्यम जाडीचा, नायलॉन मिसळलेला मेरिनो मोजा, म्हणजे मेरिनो जातीच्या मेंढीच्या बारीक लोकरीचा मोजा, हे काम सुती मोज्यापेक्षा कितीतरी चांगलं करतो. पॉलिएस्टरच्या स्पोर्ट्स मोज्यापेक्षाही तो सरस ठरतो. मात्र बाजारात 'वूलन' म्हणून जे काही विकलं जातं त्यातल्या बऱ्याचशा मालाला हे लागू नाही, आणि पैसे वाया जातात ते तिथेच.

पावसात लोकर वापरणं महाराष्ट्राला नवीन नाही. धनगर घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन रानात पाऊस काढतात. पण घोंगडीची लोकर दख्खनी मेंढीची, तिचा तंतू ३० मायक्रॉनहून जाड (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). एवढा जाड तंतू कातडीला लागला की वाकत नाही, टोकाने टोचतो. मोज्यांना वापरतात ती मेरिनो साधारण १७ ते २० मायक्रॉनची. हा बारीक तंतू दाब पडताच वाकतो, म्हणून खाजत नाही. लोकर अंगाला सहन होत नाही म्हणणाऱ्या बहुतेकांनी जाड लोकरीचा स्वेटरच घातलेला असतो. त्यांनी चांगला मेरिनो मोजा एकदा घालून पाहावा.

आराम येतो कुठून ते नीट समजून घेण्यासारखं आहे. लोकरीच्या तंतूचं बाहेरचं आवरण खवल्यांचं असतं आणि ते पाण्याचे थेंब लवकर आत घेत नाही. आतला गाभा मात्र वाफ शोषतो. हवेत ६५ टक्के आर्द्रता असताना लोकर आपल्या वजनाच्या सुमारे १६ टक्के ओलावा धरून असते. सूत ८ टक्क्यांच्या आसपास, नायलॉन ४ आणि पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. दमट हवेत लोकर वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा पोटात घेते, तरी हाताला चिंब लागत नाही. म्हणजे चढणीवर पायाला येणारा घाम पाणी होऊन कातडीवर साचण्याआधी वाफेच्या रूपात धाग्यात शिरतो. पॉलिएस्टर घाम पोटात घेत नाही, तो धाग्यांच्या फटींतून बाहेर ढकलतो. हवा कोरडी असेल तर ही युक्ती छान चालते. जुलैत आपल्याकडची हवा बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर दमट असते आणि बूटही ओला असतो, त्यामुळे ढकललेल्या घामाला जायला जागाच उरत नाही.

ओढ्यात पाय बुडला की लोकरही चिंब होते. लोकरी मोज्यात पाय कोरडा राहतो असं कोणी सांगत असेल तर ते चूक आहे. फरक पडतो तो त्यानंतर. लोकरीच्या तंतूला जन्मतःच नागमोडी वळण असतं आणि ओलं झालं तरी ते पूर्ण मोडत नाही. विणीत हवा राहते, मोजा फुगीर राहतो, आणि चालताना दाबाने पाणी बाहेर निघून जातं. ओढा ओलांडल्यावर थोडं अंतर चाललं की पायाला पचपच जाणवत नाही. सुती मोजा याच ठिकाणी लोळागोळा होतो, टाचेखाली आणि बोटांशी त्याच्या वळ्या पडतात. ओल्या कातडीवर घर्षण वाढतं, वरची कातडी आतल्या थरापासून सरकते आणि फोड येतो. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होणाऱ्यांना हा फरक सर्वांत आधी कळतो. चिखल्यांवर लोकर हे औषध नव्हे, पण बोटांमधली ओल कमी राहिल्याने त्रास बराच हलका होतो. वासाचंही तसंच. घामाचा वास धरणारे घटक लोकर आपल्यात अडकवून ठेवते, त्यामुळे दोन दिवसांच्या ट्रेकनंतरही मोजा सॅकमधून काढताना तोंड फिरवावं लागत नाही. पॉलिएस्टरचा मोजा पहिल्याच संध्याकाळी नकोसा होतो.

आता टिकाऊपणा. इथे लोकरीची बाजू पडती आहे आणि ते आधीच माहीत असलेलं बरं. सूत ओलं झालं की ताकद वाढते. लोकरीचं उलट आहे, ओली लोकर कोरडीपेक्षा कमजोर. आपला वापर तर मुख्यतः ओलाच, आणि त्यात लाल मातीची कचकच. म्हणून शंभर टक्के लोकरीचा मोजा आपल्याकडच्या ट्रेकसाठी घेऊच नये. दुकानात तो हाताला सर्वांत मऊ लागतो, आणि टाचेला सर्वांत आधी विरतो. लेबलवर मेरिनो ५५ ते ७० टक्के, नायलॉन (कधी पॉलिअमाइड असं लिहिलेलं असतं) २५ ते ४० टक्के आणि इलॅस्टेन (रबरासारखा ताणणारा धागा) २ ते ५ टक्के, असं मिश्रण शोधावं. नायलॉन झीज सोसतं, इलॅस्टेन मोजा पायाला धरून ठेवतं. इलॅस्टेन अजिबात नसलेला मोजा काही धुण्यांतच सैल होतो, आणि सैल मोजा बुटात सरकतो म्हणजे दर पावलाला स्वतःलाच घासतो. मेरिनो २०-३० टक्के आणि बाकी ॲक्रिलिक (लोकरीसारखा दिसणारा कृत्रिम धागा) असेल तर तो मेरिनो मोजा नाही, वेष्टनावर मेंढीचं चित्र कितीही मोठं असलं तरी.

टक्केवारीइतकीच वीण महत्त्वाची, आणि वीण लेबलवर लिहिलेली नसते. ती दुकानात पाहावी लागते. मोज्यात हात घाला, मूठ टाचेत न्या आणि बोटं फाकवून ताणा. आत मोबाइलचा टॉर्च धरला तर आणखी उत्तम. टाच आणि चवडा या दोन जागी उजेड कणाकणाने, सारखा झिरपला पाहिजे. मोठाले ठिपके दिसले किंवा हाताची कातडी स्पष्ट दिसली तर वीण विरळ आहे, तो जोड ठेवून द्या. मग मोजा उलटा करा. तळव्याखाली टॉवेलसारखे बारीक फासे असतात. ते आखूड, दाट आणि एका उंचीचे हवेत. लांब सैल फासे पहिल्या दिवशी गादीसारखे लागतात, पण लवकर चेपून त्यांचा नमदा (दाबून घट्ट झालेला लोकरीचा थर) होतो आणि मग तळवा कडक लागू लागतो. उशीसारखी जाडी पाहून मोजा निवडणाऱ्यांची फसगत होते ती इथे.

बोटांवरची शिवण ही तिसरी गोष्ट. स्वस्त मोज्यांत टोकाला ओव्हरलॉकची जाड वळकटी असते. उतारावर बोटं पुढे सरकून तीच वळकटी नखांच्या मुळाशी आणि करंगळीवर घासते. चांगल्या मोज्यात फासा फाशाला जोडून सपाट बंद केलेला असतो. बोट फिरवलं तर शिवण कुठे आहे ते जेमतेम कळतं. माहुलीसारखा सुमारे ८५० मीटर उंचीचा किल्ला आसनगावकडून चढून त्याच दिवशी उतरायचा असेल तर या एका शिवणीने उतरण सुखाची किंवा जाचाची होते.

मापाबद्दल आपल्याकडे फार हयगय होते. 'फ्री साइज' लिहिलेला मोजा ट्रेकला घेऊ नका. बुटाचा नंबर ६ ते ८ किंवा ९ ते ११ अशा पट्ट्यांत माप असतं. दोन्हींच्या सीमेवर असाल तर लहान माप घ्या, कारण ओला झाल्यावर मोजा थोडा ढिला पडतो. घातल्यावर टाचेचा खळगा बरोबर टाचेवर बसला पाहिजे. तो घोट्याकडे चढत असेल तर मोजा मोठा आहे, आणि चवड्याखाली हमखास वळी पडणार. उंची घोट्याच्या वर चार बोटं तरी हवी. घोट्याखाली संपणारा मोजा खडे, काटक्या आणि बुटाची कड या तिन्हींना पाय मोकळा सोडतो.

लोकरी मोजे विरतात ते ठरावीक ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणाचं कारण वेगळं. टाचेच्या मागच्या बाजूला, थोडं वर भोक पडत असेल तर बहुतेक वेळा मोज्याचा दोष नसतो. बुटाच्या आतलं अस्तर तिथे फाटलेलं असतं, आतलं कडक प्लास्टिक किंवा पुठ्ठा उघडा पडलेला असतो आणि तो कानशीसारखा काम करतो. बुटात हात घालून पाहा. अस्तर फाटलेलं असेल तर चांभाराकडून पातळ चामड्याचा तुकडा चिकटवून आणि शिवून घ्या, नाहीतर कितीही महाग मोजा घातला तरी त्याच जागी फाटेल. अंगठ्याच्या टोकाला भोक म्हणजे नख वाढलेलं किंवा बूट आखूड. टाचेच्या तळाशी आतून विरत असेल तर टाचेच्या भेगा तपासा. कडक झालेली भेग मोजा आतून खाते. रात्री टाचेला खोबरेल किंवा व्हॅसलिन लावून कातडी मऊ ठेवली की मोज्याचं आयुष्य लक्षात येण्याइतकं वाढतं. चवड्याखाली गोल विरलेला भाग म्हणजे नेहमीची झीज, पण त्यात रेतीचा वाटा मोठा असतो. ओढा ओलांडल्यावर बूट काढून, मोजा उलटा करून झटकायला दोन मिनिटं लागतात. ती काढाच. बुटातला सुकतळा झिजून त्याची कड वर आली असेल तर तोही बदला.

आपल्याकडे बरेच जण ॲक्शनचे ट्रेकिंग शूज वापरतात. ओल्या कातळावर त्यांची पकड खरोखर चांगली आहे, पण आतला सुकतळा पातळ आहे. त्यांत तळव्याखाली फासे असलेला मध्यम जाडीचा मोजा चांगला बसतो. घोट्यापर्यंतच्या, आतून गादी असलेल्या बुटात मात्र पातळ मोजाच बरा. जाड मोज्याने बूट घट्ट होतो, पाय तापतो, आणि ओलं झाल्यावर तर रक्तच आवळलं जातं.

पावसाळा सरला की दुसरं संकट उभं राहतं, कुसळं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवत पिवळं पडलं की कुसळी गवताची टोकदार बीजं मोज्यात घुसतात आणि पीळ घेत आत सरकत राहतात. लोकर त्यांना नायलॉनपेक्षा घट्ट धरते. बाहेरून ओढली की टोक आत तुटतं आणि सोबत धागाही निघतो. मोजा काढून उलटा करा आणि कुसळ ज्या दिशेने शिरलं त्याच दिशेने, आतून, चिमट्याने ओढून काढा. या दोन महिन्यांत मोज्यावर गेटर (बुटाच्या वर पायाला बांधायचं कापडी आवरण) किंवा पॅन्टची खालची कड घट्ट बांधणं हाच खरा उपाय. आघाड्याची बोंडं त्या मानाने निरुपद्रवी, सुकल्यावर हाताने निघतात. जळवांना लोकरी मोजा अडवत नाही, विणीतल्या फटीतून बारीक जळू तोंड घालते. त्यासाठी घट्ट विणीच्या कापडाचे वेगळे मोजे लागतात.

दोन जोडांत कोणता टिकेल हे कंपन्या मार्टिनडेल नावाच्या यंत्रावर पाहतात. त्यात ठरावीक दाबाखाली कापड खरखरीत कापडावर घासलं जातं आणि किती फेऱ्यांनंतर धागा तुटतो ते मोजलं जातं. घरी याची साधी नक्कल करता येते. दोन जुने, वेगवेगळ्या मिश्रणाचे मोजे स्टीलच्या बाटलीवर टाच वर येईल असे ताणून चढवा, दोन्ही ओले करा आणि ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने सारख्या दाबाने सारखेच हात मारा. मध्ये मध्ये थांबून टॉर्चने पाहा. आधी फुगीर लोकर झडते आणि तिच्याखाली नायलॉनची जाळी दिसू लागते. ती जाळी दाट असेल तर मोजा अजून बराच चालेल. जाळीच दिसली नाही आणि थेट भोक पडलं, तर त्या जागी नायलॉन नावालाच होतं. चालून झिजलेल्या मोज्यातही हाच क्रम दिसतो. म्हणून टाच पारदर्शक दिसायला लागली की मोजा संपला असं समजून फेकू नका, फक्त आता त्यात उशी उरलेली नाही हे ध्यानात घ्या.

चांगला मोजा फाटतो त्याहून जास्त वेळा तो धुण्यात मरतो. लोकर म्हणजे केराटिन, आपल्या केसांसारखंच प्रथिन. तिला क्षार आणि उष्णता सोसत नाही. कपड्यांची नेहमीची पावडर क्षारयुक्त असते, शिवाय डाग काढण्यासाठी तिच्यात प्रथिनं तोडणारी एन्झाइम असू शकतात, ती लोकरीलाही सोडत नाहीत. ब्लीच तर लोकर अक्षरशः विरघळवतं. गरम पाणी, घुसळणं आणि पावडर एकत्र आले की तंतूंचे खवले एकमेकांत अडकतात आणि मोजा आटून नमदा होतो. तो पुन्हा पूर्ववत होत नाही. 'सुपरवॉश' लिहिलेल्या लोकरीचे खवले प्रक्रियेने बोथट केलेले असतात, ती मशिनमध्ये टाकता येते, पण पाणी थंडच हवं. रीत अशी: मोजा उलटा करा, कोरडी माती झटका, बादलीत साध्या पाण्यात भिजवून माती सुटू द्या. मग इझीसारखं लोकरीचं द्रव साबण किंवा साधा शाम्पू अर्धं झाकण, दहा मिनिटं, आणि हाताने दाबत धुणं. ब्रश लावायचा नाही, दगडावर आपटायचा नाही. पिळण्याऐवजी टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. फॅब्रिक सॉफ्टनर टाळा, त्याचा थर धाग्यावर बसतो आणि शोषण कमी होतं.

वाळवणं ही ठाण्यातल्या फ्लॅटमधली खरी कसोटी. जुलैत बाल्कनीत टांगलेला मध्यम जाडीचा जोड दुसऱ्या दिवशीही बोटांशी दमट लागतो, पातळ जोड पंख्याखाली रात्रभरात बहुतेक वाळतो. टांगताना बोटांकडून चिमटा लावा. इलॅस्टिकच्या कडेने टांगलं तर पाण्याच्या भाराने ते ताणतं. फ्रिजच्या मागे, गीझरवर किंवा इस्त्रीखाली वाळवू नका, इलॅस्टेन उष्णतेने आधी जातं. या वाळण्याच्या वेळेमुळेच लागोपाठच्या शनिवार-रविवारी जाणाऱ्यांनी एक महागडा जोड घेण्यापेक्षा मध्यम किमतीचे दोन घ्यावेत आणि आळीपाळीने वापरावेत. सॅकमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडा जोड ठेवायचाच. खाली गावात पोहोचल्यावर पाय पुसून तो घातला की कसारा लोकलचा परतीचा प्रवास सुसह्य होतो, आणि ओल्या मोज्यात आणखी दोन तास कातडी भिजत राहत नाही.

पावसाळ्यानंतर मोजे कपाटात जातात तेव्हा कसर लागण्याची भीती असते. कसरीच्या अळीला घामाचा, तेलकट डागाचा मोजा फार आवडतो, म्हणून न धुता ठेवू नये. धुवून, कडकडीत वाळवून, झिप असलेल्या पिशवीत ठेवा. डांबराची गोळी ठेवायची असेल तर मोज्याला चिकटणार नाही अशी, कागदात गुंडाळून.

खरेदीबद्दल. ठाण्यात गोखले रोड, राम मारुती रोड किंवा जांभळी नाक्याला हिवाळ्यात जे 'वूलन सॉक्स' जोडीने लावलेले असतात ते जवळपास नेहमी ॲक्रिलिकचे असतात. घरात घालायला, रात्री झोपताना ते ठीक आहेत, ट्रेकला अजिबात नाहीत. ॲक्रिलिक घाम शोषत नाही आणि पाय उकडतो. शंका असेल तर घरी आतल्या बाजूचा एक सुटा धागा चिमट्यात धरून, सिंकवर, काडीने पेटवा. लोकर नाखुशीने जळते, ज्योत काढली की विझते, जळलेल्या केसांचा वास येतो आणि बोटांत चुरली जाणारी काळी राख उरते. ॲक्रिलिक भडकून जळतं आणि कडक काळा मणी उरतो. मिश्र धाग्यात केसांचा वासही येतो आणि छोटा मणीही मिळतो. तसंच यायला हवं.

क्रीडासाहित्याच्या मोठ्या दुकानांत आणि ऑनलाइन मेरिनो मिश्रणाचे जोड मिळतात. आयात केलेल्या जोडाची किंमत दोन हजारांच्या पुढे जाऊ शकते. स्मार्टवूल आणि डार्न टफ ही दोन्ही अमेरिकी नावं या क्षेत्रात जुनी. डार्न टफ व्हरमाँट राज्यात मोजे विणते आणि आयुष्यभराची हमी देते, पण इथून विरलेला जोड पाठवण्याचा खर्च आणि खटाटोप धरला तर त्या हमीसाठी म्हणून जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. विणीच्या दाटपणासाठी जास्त पैसे द्यायचे असतील तर जरूर द्या, ती खरोखर दाट आहे. वर्षातून चार-पाच पावसाळी ट्रेक करणाऱ्याला मध्यम किमतीचा, दाट टाचेचा, ६० टक्क्यांच्या आसपास मेरिनो असलेला जोड पुरेसा आहे. रोज संध्याकाळी खारघरच्या टेकडीचा डांबरी रस्ता चालणाऱ्याने लोकरीवर खर्च करू नये, त्याला नायलॉन-पॉलिएस्टरचा मोजा जास्त टिकेल. हिमालयातल्या ट्रेकसाठी आणलेले जाड लोकरी मोजे इकडे फक्त एका कामाचे: डिसेंबर-जानेवारीत हरिश्चंद्रगडावर मुक्काम असेल तेव्हा तंबूत झोपताना घालायला.

विरलेली टाच वाचवायची तर भोक पडण्याआधी वाचवा. फासे झडून जाळी दिसू लागली की मोजा बल्बवर किंवा टेनिसच्या चेंडूवर ताणून, लोकर-नायलॉन मिश्र दोऱ्याने आडव्या-उभ्या रेघांत रफू करा. सुरुवात विरलेल्या भागाच्या बोटभर बाहेरून, शाबूत विणीतून. गाठ मारू नका, टोकं चार-पाच फाशांतून ओवून सोडा, कारण गाठ म्हणजे टाचेखाली खडा. सुती दोरा वापरला तर तो ओला होऊन ताठ होतो आणि भोवतालची लोकर कापतो. असा रफू केलेला जोड येऊरच्या छोट्या फेरीला, कर्नाळ्याला बिनघोर चालतो. माहुली किंवा कलावंतिणीच्या दिवशी मात्र अखंड टाचेचाच घाला.